पाणी कमी, गाळ जास्त
(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

बांद्याच्या बाजारात माझ्या वडिलांचं किराण्याचं छोटं दुकान होतं आणि आम्ही राहायचो इन्सुलीला. बाबा सकाळी सायकलवरून निघायचे ते दिवेलागणीला परत. पावसाळ्यात मात्र त्यांचं येणं-जाणं नदीच्या मर्जीवर असायचं. नकाशात ही नदी तेरेखोल म्हणून सापडते. सह्याद्रीत मनोहरगडाच्या अंगाला उगम पावते, बांद्यावरून वाहते, आरोंद्याकडे तिची खाडी होते आणि तेरेखोलच्या किल्ल्याखाली ती समुद्राला मिळते. तशी लहानच. पण आषाढ-श्रावणात घाटावर दोन दिवस झड लागली की तिला बाजार बघायची हौस येते.

पूर ओसरला की बाबा दोन कामं करायचे. भिंतीवर पाणी जिथवर चढलं होतं तिथे पेन्सिलीनं आडवी रेघ मारायची आणि खाली साल लिहायचं. मग दाराजवळच्या एका ठरलेल्या फरशीवर किती गाळ बसला ते बोटांनी मोजायचं. दोन बोटं, चार बोटं, एका वर्षी वीतभर. हे सगळं ते उधारीच्या एका जुन्या वहीत मागच्या बाजूनं लिहून ठेवत. दोन रकाने असायचे. एकावर ‘पाणी’, दुसऱ्यावर ‘गाळ’. का लिहिता, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, “पाणी येता आणि जाता. रेंदो रवता.”

त्या वहीतली एक नोंद मला पाठ आहे. साल मात्र आठवत नाही. तीन-चार मोठ्या पुरांच्या आकड्यांखाली बाबांनी एका वर्षापुढे आकड्यांऐवजी चारच शब्द लिहिले होते : पाणी कमी, गाळ जास्त. खाली त्यांच्या सवयीप्रमाणे एक प्रश्नचिन्ह. रेघ पाहिली तर त्या वर्षीचं पाणी गुडघाभरसुद्धा नव्हतं. आणि दुकानातून गाळ उपसायला मात्र दोन गडी तीन दिवस लागले होते.

मी कविता लिहितो. शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. या चार शब्दांवर मी तरुणपणी एक कविता लिहिली, ती एका दिवाळी अंकात छापूनही आली. पण वहीतले आकडे उतरवून घ्यावेत, असं मला कधी सुचलं नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये बांद्याच्या बाजारात पाणी घुसलं, त्यात गल्ल्याच्या खणातली ती वही गेली. म्हणजे वाहून गेली नाही, लगदा झाली. धाकट्या भावानं दुकान दुरुस्त करताना भिंतीला नवा रंग दिला, रेघाही गेल्या. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. दुकान त्याला चालवायचं होतं, मला नव्हतं.

माझा भाचा गोव्यात भूशास्त्र शिकतो. त्याला हे सांगितलं तेव्हा तो माझ्यावर चांगलाच उखडला. “मामू, चाळीस वर्षांची नोंद होती ती! कविता केलीत आणि नोंद घालवलीत.” उत्तर काय देणार! पण राग ओसरल्यावर तोच मला आपल्या प्रयोगशाळेत घेऊन गेला. म्हणाला, “चला, तुम्हाला समुद्रानं ठेवलेली वही दाखवतो.”

टेबलावर एक प्लॅस्टिकची नळी उभी चिरून, दोन फाका करून ठेवली होती. उसाचं कांडं चिरावं तशी. आत हिरवट-राखी चिखल, हाताला लोण्यासारखा. खोल समुद्राच्या तळात ही नळी खुपसून वर काढतात. बराचसा भाग एकसुरी होता, पण मध्येच एक वेगळा पट्टा होता. त्याच्या तळाशी रवाळ वाळू, वर बारीक रेती, त्याच्यावर पिठासारखा गाळ. भाच्यानं त्या एकसुरी भागावर बोट ठेवलं. “हे वीतभर साचायला काही हजार वर्षं लागली असतील.” मग मधल्या पट्ट्यावर ठेवलं. “आणि हे दोन बोटं एका दुपारचं काम.”

एका दुपारचं काम कुणाचं, हा या लेखाचा विषय. नदीच्या पुराचं? भूकंपाचं? की समुद्राच्या पोटातल्या एखाद्या दरडीचं? गेली शंभर-सव्वाशे वर्षं शास्त्रज्ञ या प्रश्नाशी झगडत आहेत.

पुराच्या गोष्टी तर आपण जन्मल्यापासून ऐकतो. माझी दादी हजरत नूह यांच्या तुफानाची गोष्ट सांगायची आणि शेजारच्या घरात मनू आणि माशाची. दोन्ही घरांतली मुलं दोन्ही गोष्टी ऐकून मोठी झाली. एके काळी युरोपातल्या भूशास्त्रज्ञांनाही डोंगरातले गोटे आणि गुहांतली हाडं म्हणजे एकाच जगबुडीची खूण वाटत होती. ऑक्सफर्डच्या विल्यम बकलंड यांनी १८२३ साली तसं पुस्तकच लिहिलं. पण पुरावे जमत गेले तसे ते एका पुराच्या मापात बसेनात. १८३१ मध्ये अ‍ॅडम सेजविक यांनी लंडनच्या भूशास्त्रीय सोसायटीच्या अध्यक्षपदावरून आपलं जुनं मत जाहीरपणे मागे घेतलं आणि १८३६ पर्यंत बकलंडही मागे हटले. आपलं छापील मत चारचौघांत मागे घेणं सोपं नसतं. लेखक मंडळींना हे ठाऊक आहे.

खोल समुद्राकडे मात्र तेव्हा कुणाचं लक्ष नव्हतं. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजानं जगभरच्या समुद्रांचा तळ चाचपला, तेव्हा तिथे तांबडी माती आणि सूक्ष्म जीवांच्या कवचांचा चिखल सापडला. समज असा झाला की खोल समुद्र म्हणजे निवांत जागा. वरून धूळ पडावी तसं तिथे सगळं संथपणे पडत राहतं, नदीची वाळू तिथवर पोचायचा प्रश्नच नाही.

खरं तर उत्तराचा एक धागा एका तळ्यात सापडला होता. स्वित्झर्लंडच्या फोरेल नावाच्या शास्त्रज्ञांनी १८८५ साली दाखवून दिलं की ऱ्होन नदी जिनिव्हाच्या सरोवरात शिरते तेव्हा तिचं थंड, गढूळ पाणी वर पसरत नाही. ते जड असल्यामुळे बुडी मारतं आणि तळावरून वाहत जातं, त्यानं तळाला घळही पाडली आहे. म्हणजे पाण्याखाली पाण्याची नदी. पण सरोवराचं समुद्राला लागू करायला कुणी धजेना.

मग १८ नोव्हेंबर १९२९ उजाडला. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळ ग्रँड बँक्स या भागात समुद्राखाली मोठा भूकंप झाला. त्सुनामीत अठ्ठावीस माणसं गेली. त्या भागातून युरोप-अमेरिकेला जोडणाऱ्या तारायंत्राच्या केबल तळावरून गेल्या होत्या. केंद्राजवळच्या केबल लगेच तुटल्या, यात नवल नव्हतं. पण त्यानंतर तेरा तासांपर्यंत, अधिकाधिक खोल पाण्यातल्या, शेकडो किलोमीटर दूरच्या केबल क्रमानं तुटत गेल्या. एक, मग दुसरी, मग तिसरी. तार कार्यालयांत प्रत्येक केबल मुकी झाल्याची वेळ नोंदली गेली होती. या नोंदी कागदात पडून राहिल्या. १९५२ मध्ये ब्रूस हीझन आणि मॉरिस यूइंग या अमेरिकी शास्त्रज्ञांनी त्या बाहेर काढल्या, अंतर आणि वेळ यांचा मेळ घातला आणि निष्कर्ष मांडला : भूकंपानं उतारावरचा गाळ घसरला, पाण्यात मिसळून त्याचा जड लोंढा झाला आणि तो मोटारीच्या वेगानं तळावरून धावत, वाटेतल्या केबल तोडत गेला. तार बाबूंना आपण इतिहास लिहितो आहोत याची कल्पना नसणार. बाबांनाही नव्हती.

त्याआधी दोनच वर्षं, १९५० मध्ये, फिलिप क्युनेन या डच भूशास्त्रज्ञांनी मिलियोरिनी या इटालियन सहकाऱ्याबरोबर याच लोंढ्यांबद्दल एक निबंध लिहिला होता. क्युनेन यांनी हौदात पाणी भरून त्यात चिखलाचे लोंढे सोडले आणि खाली काय बसतं ते पाहिलं. तुम्हीही पाहू शकता. पावसाळ्यात नदीचं गढूळ पाणी काचेच्या बरणीत घ्या, हलवा आणि ठेवून द्या. आधी वाळू बसेल, मग रेती, शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी वर एक गुळगुळीत साय धरलेली असेल. खाली जाड, वर बारीक. आल्प्स आणि अपेनाइन्सच्या कड्यांमध्ये अशा थरांच्या हजारो जोड्या एकावर एक रचलेल्या आहेत. त्या उथळ पाण्यातल्या असाव्यात, असं पूर्वी अनेकांना वाटे, कारण वाळू म्हटली की पुळण डोळ्यांसमोर येते. क्युनेननंतर त्याच कड्यांचा अर्थ बदलला. तो खोल समुद्राचा तळ ठरला, पुढे वर उचलला गेलेला. दगड तेच राहिले, वाचणाऱ्यांचे डोळे बदलले.

आता कळीचा प्रश्न. पुराचं पाणी असं थेट समुद्राच्या तळाशी बुडी मारू शकतं का? भाच्यानं मला कळशीचं गणित सांगितलं. समुद्राचं पाणी खारट, म्हणून गोड्या पाण्यापेक्षा जड. नदीचं पाणी त्याच्याखाली जायचं तर तेवढा जडपणा मातीतून यायला हवा. दहा लिटरच्या कळशीत सुमारे चारशे ग्रॅम माती असेल, तरच ते बुडेल. चारशे ग्रॅम म्हणजे पाण्यापेक्षा पातळ पिठलंच म्हणा. बहुतेक नद्यांचं पाणी महापुरातही इतकं दाट होत नाही. ते समुद्रावर तांबडी चादर पसरल्यासारखं तरंगतं, खाऱ्या पाण्याशी गाठ पडली की मातीचे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि हळूहळू मुखाजवळच खाली बसतात. बुडी मारणाऱ्या नद्या असतात त्या लहान, तीव्र उताराच्या, ठिसूळ डोंगरांतून येणाऱ्या.

तैवानमधली गाओपिंग अशीच नदी. ऑगस्ट २००९ मध्ये मोराकोट वादळानं तिथे काही ठिकाणी तीन-चार दिवसांत अडीच मीटरहून जास्त पाऊस पाडला. पूर ऐन भरात असताना नदीमुखासमोरच्या समुद्री घळीत केबल तुटल्या. हे समजण्यासारखं होतं. पण तीन-एक दिवसांनी, नदी जवळपास नेहमीसारखी वाहू लागल्यावर, दुसरा लोंढा सुटला आणि त्यानं चार हजार मीटर खोलीपर्यंतच्या आणखी केबल तोडल्या. पुरानं घळीच्या तोंडाशी टाकलेला ताजा, सैल गाळ मागाहून घसरला होता.

त्याहून मोठी गोष्ट आफ्रिकेतल्या काँगो नदीची. २०१९च्या डिसेंबरात आणि २०२०च्या जानेवारीत काँगोला असा पूर आला की तसा पन्नास वर्षांत एखादाच यावा. पुराचा माथा सरून गेला आणि मग, जानेवारीच्या मध्याला, भरती-ओहोटीचं उधाण असताना, काँगोच्या समुद्री घळीतून एक लोंढा निघाला. तो ११०० किलोमीटरांहून जास्त अंतर समुद्राच्या तळावरून धावला. अंतराचा अंदाज यावा म्हणून सांगतो, इन्सुलीहून निघून पार राजस्थानात शिरण्याएवढं. पश्चिम आफ्रिकेला इंटरनेट पुरवणाऱ्या दोन केबल त्यानं तोडल्या आणि शास्त्रज्ञांनी तळाशी नांगरून ठेवलेली मोजमापाची यंत्रं उखडून पृष्ठभागावर पाठवली. मार्चमध्ये, टाळेबंदीचे दिवस सुरू होत होते तेव्हा, तिथे पुन्हा केबल तुटली.

म्हणजे बघा, पूर एका महिन्यातला, तळावरचा थर दुसऱ्या महिन्यातला. पूर गाळ आणून ठेवतो, उधाण किंवा आणखी काहीतरी त्याला धक्का देतं. हजार वर्षांनी कुणी त्या थरात नळी खुपसली तर त्याला पूर दिसेल की उधाण? भाचा म्हणतो की याच ठिकाणी भूशास्त्रज्ञांची भांडणं होतात, आणि ती आमच्या साहित्य संमेलनातल्या भांडणांपेक्षा बरी असतात, कारण तिथे निदान पुरावा मागतात.

असं एक गाजलेलं प्रकरण अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यासमोरचं आहे. तिथल्या खोल समुद्रात कॅस्केडिया भागात अनेक घळी आहेत आणि पुढे त्या एकमेकींना मिळतात, आपल्या व्हाळांसारख्या. माझामा नावाच्या ज्वालामुखीची राख तिथल्या गाळात खुणेसारखी आहे. तो स्फोट सुमारे ७७०० वर्षांपूर्वीचा. जॉन अ‍ॅडम्स या शास्त्रज्ञांनी १९९० साली आधीच काढून ठेवलेल्या नळ्यांमधले थर पुन्हा मोजले. राखेनंतरचे लोंढ्यांचे थर वेगवेगळ्या घळींत तेरा निघाले. आणि घळी जिथे एकत्र येतात त्याच्या खालीही तेराच. प्रत्येक घळ आपापल्या नदीच्या पुरानं आपापल्या वेळी वाहिली असती तर संगमाखाली थरांची संख्या वाढायला हवी होती. ती वाढली नाही, म्हणजे सगळ्या घळी एकाच वेळी वाहिल्या. आणि इतक्या लांब किनाऱ्यावर सगळीकडे एकाच वेळी धक्का देणारा एकच, तो म्हणजे भूकंप. त्यातला शेवटचा मोठा भूकंप २६ जानेवारी १७०० रोजीचा. ही तारीख कशी कळली? जपानच्या किनाऱ्यावरच्या गावांत तेव्हाच्या कारभाऱ्यांनी आपल्या दप्तरात लिहून ठेवलं होतं की भूकंप न होताच समुद्राची लाट आली, घरं आणि शेतं गेली. तीनशे वर्षांनी ती दप्तरं उघडली गेली आणि पॅसिफिकच्या पलीकडच्या भूकंपाला तारीख मिळाली.

भाच्यानं हे सांगितलं तेव्हा मी मान खाली घातली. जपानी कारभाऱ्याची वही तीनशे वर्षं टिकली, बाबांची मी माझ्या हयातीत घालवली.

मी विचारलं, “मग आपल्या तेरेखोलचा गाळ? तोही जात असेल ना खोल समुद्रात?” कवीला असं वाटणं साहजिक आहे. नदी समुद्राला मिळते आणि सगळं अथांगात विलीन होतं, अशा ओळी आम्ही किती लिहिल्या! भाचा हसला. आपल्या किनाऱ्यासमोर समुद्राचा तळ एकदम खोल होत नाही. गोव्याच्या, सिंधुदुर्गाच्या समोर साधारण शंभर किलोमीटर, आणि मुंबईसमोर तीनशेच्या आसपास, तळ जवळजवळ सपाट, उथळ पडवीसारखा आहे. आपल्या नद्यांचा गाळ खाडीत आणि या पडवीच्या आतल्या भागात, पन्नास-साठ मीटर खोलीपर्यंत साचतो. त्यापलीकडे वाळू आहे, पण ती आजची नाही. हिमयुगात, वीस-एक हजार वर्षांपूर्वी, समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. तेव्हा या नद्या सगळी पडवी ओलांडून कडेपर्यंत वाहत असणार. मग बर्फ वितळलं, समुद्र चढत आला आणि त्या काळातली वाळू, शिंपले तिथेच बुडाले. विजयदुर्गसमोर शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची. तिथे पाण्याखाली जिवंत प्रवाळ आहेत. प्रवाळांना गढूळ पाणी सोसत नाही. आपल्या नद्यांची माती तिथवर सहसा पोचत नाही, याची ही साक्षच म्हणायची.

त्याच्याही पलीकडे खोल अरबी समुद्रात जो चिखल आहे, त्यातला बराचसा सिंधू नदीचा, म्हणजे हिमालयाचा. २०१५च्या एप्रिल-मे महिन्यांत ‘जॉइडीस रिझोल्यूशन’ हे जहाज आपल्या किनाऱ्यापासून पावणेपाचशे किलोमीटरवर, लक्ष्मी खोरं नावाच्या भागात, साडेतीन किलोमीटरहून खोल पाण्यात उभं राहून तळाला भोकं पाडत होतं. वास्कोच्या राष्ट्रीय अंटार्क्टिक व महासागर संशोधन केंद्रातले वैज्ञानिक त्या मोहिमेच्या नेतृत्वात होते. मातीचं मूळ गाव तिथे खनिजांवरून ओळखतात. हिमालयाच्या मातीत इलाइट आणि क्लोराइट जास्त, दख्खनच्या काळ्या दगडाच्या मातीत स्मेक्टाइट जास्त, आणि आमच्या जांभ्याच्या तांबड्या मातीत केओलिनाइट. जशी माणसाची बोली ऐकून मालवणचा की सावंतवाडीचा ते कळतं. त्या भोकात शेकडो मीटर जाडीचा एक विस्कटलेला थर लागला. सुमारे एक कोटी आठ लाख वर्षांपूर्वी भारताच्या पश्चिम किनाऱ्याच्या कडेचा एक प्रचंड भाग खोल समुद्रात कोसळला होता. सुमारे १९ हजार घन किलोमीटर ऐवज. त्याला नाव दिलंय नटराज. त्याच्यासमोर कुठलाही पूर म्हणजे पागोळीच.

पण माझ्या मनातलं प्रश्नचिन्ह तसंच होतं. पाणी कमी, गाळ जास्त, हे कसं? त्याचं उत्तर मला अरबी समुद्रात नाही, बंगालच्या उपसागरात मिळालं, आणि ते उत्तर आपल्याच गोदावरीनं दिलं.

२००६ साली हेच जहाज भारतासाठी समुद्रतळातल्या वायूचा शोध घेत गोदावरीच्या मुखासमोर आलं होतं. तिथे १२६८ मीटर खोल पाण्यातून काढलेली एक नळी पुढे अमेरिकेच्या वुड्स होल संस्थेतल्या लिव्हिउ जिओसान, कामिलो पाँटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासली. गेल्या दहा-अकरा हजार वर्षांचा गोदावरीचा गाळ त्यात आहे. त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीवर उगम पावून गोदावरी १४६५ किलोमीटर जाते. वरची अर्धी वाट दख्खनच्या काळ्या दगडातून, खालची फार जुन्या, वेगळ्या खडकांतून. दोन्हीकडच्या मातीत निओडिमियम या धातूची घडण वेगळी असते, त्यामुळे कुठली माती कधी जास्त आली ते कळतं. आणि गाळात अडकलेल्या पानांच्या मेणावरून तेव्हा काठाला कुठली झाडोरा-गवतं होती तेही कळतं.

२०१२ आणि २०१७ मध्ये त्यांचे निबंध आले. अपेक्षा अशी असते की पाऊस भरपूर तेव्हा गाळ भरपूर. निघालं उलटं. गेल्या चार हजार वर्षांत मोसमी पाऊस कमकुवत होत गेला, दख्खनवर कोरड्या हवेतलं गवत-झुडूप वाढलं आणि त्याच काळात समुद्रात जाणारा गाळ कमी होण्याऐवजी वाढला. कारण झाडी विरळ झाली, मुळांची पकड सुटली, आणि पाऊस एकूण कमी असला तरी पडतो तेव्हा मोसमी पाऊस धसमुसळाच असतो. उघड्या जमिनीवर चार सरी पुरतात. पुढे त्यात माणसाची भर पडली. प्रवरेच्या काठी दायमाबाद, जोर्वे, नेवासे इथे जी ताम्रपाषाणयुगातली शेतकरी गावं उत्खननात सापडली, त्या काळापासून दख्खनवर शेती पसरत गेली, लोहयुगात लोखंडी फाळ आला, आणि काळ्या मातीचा गाळ आणखी वाढला. समुद्राच्या तळाशी गाळाचा थर जाड दिसला म्हणजे तेव्हा पाऊसपाणी उदंड होतं, असं वाचणारा इथे चुकला असता. तो थर पावसाचा नव्हता, उघड्या पडलेल्या डोंगराचा होता.

हे वाचलं आणि मी दुसऱ्या दिवशी आमच्या वाडीतल्या एका वयस्क शेजाऱ्यांकडे गेलो. ते बाबांचे सोबती, नव्वदीच्या घरातले, पण स्मरणशक्ती खणखणीत. मी विचारलं, “काका, पाणी थोडं आणि चिखल उदंड असं वर्ष आठवतं का?” त्यांनी सुपारी कातरत जरा विचार केला. “आठवता तर! त्या वर्षाक वरचो डोंगर साफ केल्यानी मा लागवडीक. आग लावन उघडो केलो. माती रवतली खंय?” साल त्यांनाही सांगता आलं नाही. त्यांच्या थोरल्या मुलीच्या लग्नाआधीचं, एवढंच म्हणाले. मी घरी येऊन ते एका कोऱ्या वहीत लिहून ठेवलं. उशिरा का होईना.

एका वर्षाच्या, एका माणसाच्या आठवणीवर मी सिद्धांत उभारत नाही. भाचा उभारू देणारही नाही. त्याच्या मते डोंगर उघडा होता हे एक कारण, नदीला त्या वर्षी बाजाराशी पाणी तुंबलं असेल हे दुसरं, खालून खाडीची भरती चढली असेल हे तिसरं. तीनपैकी कुठलं, ते गाळच सांगू शकला असता, आणि गाळ तर बाबांनी उपसून टाकला होता.

गेल्या काही पावसांत मात्र मी एक करतो. इन्सुलीतल्या घरामागून एक व्हाळ जातो, त्याच्या काठच्या जुन्या मांगरात थोडं पाणी शिरतं. बाकीची जमीन आम्ही धुतो, एक कोपरा तसाच ठेवतो. मागच्या खेपेला भाचा आला तेव्हा त्या कोपऱ्यातला सुकलेला गाळ त्यानं सुरीनं काळजीपूर्वक कापला, बर्फीची वडी कापावी तसा. पुरता तीन बोटं होता. तळाशी वाळू, वर तांबडा गाळ, त्यावर पुन्हा वाळूची एक बारीक रेघ आणि पुन्हा गाळ. “मामू, त्या रात्री पाणी दोनदा चढलं होतं का?”

मी झोपलो होतो. बायकोला विचारलं. ती म्हणाली, हो, साडेबाराला आलं, उतरलं, आणि पहाटेच्या अजानच्या सुमाराला पुन्हा आलं. कोंबड्यांची खुराडी तिनंच दोन वेळा उचलली होती.